उसना आकडा चालत नाही : फ्रिक्शन स्टर वेल्डिंग आणि ॲल्युमिनियमचा जोड



आपल्याकडच्या व्याख्यानमालांत इतिहास, साहित्य, समाजकारण हे विषय नेहमी येतात. धातूचा जोड क्वचितच येतो. तुम्ही तो मान्य केलात याचा मला आनंद आहे. ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण जमतो, त्यांचं बरंचसं आयुष्य वर्कशॉपमध्ये विद्यार्थ्यांच्या शेजारी उभं राहून गेलं. त्यांच्या स्मृतीला हाच विषय शोभतो. सभागृहात कारखान्यातली मंडळी आहेत, तसे या कामाशी काही संबंध नसलेलेही आहेत. दोघांनाही बरोबर घेऊन जाण्याचा प्रयत्न करतो.

आज मला एका प्रश्नाच्या मागे जायचं आहे. फ्रिक्शन स्टर वेल्डिंगने ॲल्युमिनियमचे दोन तुकडे जोडताना यंत्रावर काही आकडे लावावे लागतात: टूलच्या मिनिटाला फेऱ्या, पुढे सरकण्याचा वेग, टूलचा कल, दाब. या आकड्यांचा जोडावर काय परिणाम होतो? आणि त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न: एकाने वापरलेले आकडे दुसऱ्याला जसेच्या तसे वापरता येतात का? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. नाही येत. का येत नाहीत हे एकदा उमगलं, की या विद्येचा मोठा भाग हातात आला.

सुरुवात ॲल्युमिनियमच्या स्वभावापासून करू. आपल्या वर्कशॉपमध्ये ज्याला आर्गन वेल्डिंग म्हणतात, त्यात धातू वितळवून जोडतात. पोलादाला ते मानवतं. ॲल्युमिनियम मात्र तिथे अडून बसतं. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्या अंगावर जो ऑक्साईडचा पातळ थर असतो तो वितळायला 2000 अंशांच्याही वर जावं लागतं. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन सहज विरघळतो. धातू गोठताना त्याची तो सामावून घेण्याची क्षमता एकदम सुमारे वीसपटीने घटते, आणि बाहेर पडू न शकलेला वायू बारीक भोकं करून आत राहतो. गोठताना हा धातू सहा-सात टक्के आकसतो, त्यामुळे काही मिश्रधातूंत गरम असतानाच तडे जातात. विमानांत वापरले जाणारे 2024 आणि 7075 हे मिश्रधातू तर वेल्ड न होणारे म्हणूनच ओळखले जात. विमानाच्या अंगावर रिव्हेटच्या इतक्या रांगा का दिसतात, याचं एक मोठं कारण हे आहे.

या सगळ्या अडचणींचं मूळ एकच: धातूचं वितळणं आणि पुन्हा गोठणं. मग वितळवलंच नाही तर?

डिसेंबर 1991मध्ये इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या द वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर पेटंटच्या कागदावर मांडलं. कडक पोलादाचं एक टूल घ्यायचं. त्याला रुंद खांदा, ज्याला आपण शोल्डर म्हणतो, आणि शोल्डरच्या मधोमध एक आखूड पिन. दोन प्लेटा कडेला कड लावून घट्ट आवळायच्या, खाली पोलादाची बॅकिंग प्लेट ठेवायची. फिरतं टूल सांध्यावर दाबायचं, पिन आत शिरते, शोल्डर पृष्ठभागावर टेकतो. दोन-चार सेकंद तिथेच फिरू द्यायचं आणि मग सांध्यावरून पुढे न्यायचं. घर्षणाने आणि घुसळण्याने धातू तापतो, पण वितळत नाही. वितळणबिंदूच्या साधारण ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत पोचतो आणि कणकेसारखा मऊ होतो. पिन त्याला पुढून मागे नेते, मागून शोल्डर दाबून बसवतो. दोन प्लेटा एक होतात. फिलर नाही, आर्गन नाही, झगमगाट नाही.

ही पद्धत प्रयोगशाळेत फार काळ अडकून पडली नाही. 1996च्या सुमारास स्वीडनच्या सापा कंपनीत मासेमारी बोटींवर मासे गोठवायच्या पोकळ पॅनेलसाठी ती वापरात आली. जपानमध्ये हिताचीने रेल्वेच्या डब्यांसाठी ती घेतली. बोइंगने डेल्टा रॉकेटच्या टाक्या तिच्यावर जोडल्या, नासाने स्पेस शटलच्या बाहेरच्या इंधनटाकीसाठी ती आणली. आज विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटरीचे ट्रे आणि त्यांच्या थंडाव्याच्या प्लेटा याच पद्धतीने जोडतात, त्यामुळे आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या लहान पुरवठादारापर्यंतही हा विषय येऊन पोचला आहे. तो दारात उभा आहे म्हणूनच आज बोलायचं आहे.

आता आकड्यांकडे वळतो.

पहिला आकडा फेऱ्यांचा. फेऱ्या वाढवल्या की उष्णता वाढते, हे कुणालाही पटेल. पण किती वाढते? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. समजा 600 फेऱ्यांना सांध्यातलं कमाल तापमान 420 अंश आहे. फेऱ्या दुप्पट केल्या, 1200 केल्या, तर तापमान किती होईल? प्रयोगांतून बसवलेलं एक प्रसिद्ध सूत्र आहे. त्यात तापमान हे फेऱ्यांचा वर्ग भागिले पुढे सरकण्याचा वेग या गुणोत्तराबरोबर बदलतं, पण त्या गुणोत्तराचा घातांक फार लहान, सुमारे 0.05 इतका असतो. त्या हिशेबाने 420चे 450 होतात. तीस अंश! फेऱ्या दुप्पट आणि तापमानात वाढ फक्त सात टक्के. याचं कारण धातूच्याच अंगी आहे. तापला की तो मऊ होतो, मऊ झाला की टूलला विरोध कमी करतो, विरोध कमी झाला की उष्णता कमी निर्माण होते. ही पद्धत स्वतःला आवर घालते. वितळण्याच्या उंबरठ्यापाशी ती रेंगाळते, सहसा ओलांडत नाही.

मग फेऱ्यांना काहीच अर्थ नाही का? आहे, पण तापमानाइतकाच तो धातूच्या वाहण्याशी जोडलेला आहे. त्यासाठी दुसरा आकडा घ्यावा लागतो, पुढे सरकण्याचा वेग, आपल्या भाषेत फीड.

1000 फेऱ्या आणि मिनिटाला 200 मिलिमीटर फीड असेल, तर टूल दर फेरीला 0.2 मिलिमीटर पुढे जातं. त्या एका फेरीत पिनने समोरचा 0.2 मिलिमीटर धातू उचलायचा, वळसा घालून मागे न्यायचा आणि मागची पोकळी भरायची. जोडाच्या पृष्ठभागावर ज्या अर्धवर्तुळाकार रेघा दिसतात त्यांच्यातलं अंतर हेच असतं. जोड आडवा कापून, घासून, आम्लाने उजळवला तर आत कांद्याच्या पाकळ्यांसारखी वलयं दिसतात. त्यांच्यातलं अंतरही याच्याशीच जुळतं. सूक्ष्मदर्शक नसला तरी भिंग आणि पट्टी घेऊन हे मोजता येतं. विद्यार्थ्यांनी ते एकदा स्वतः मोजावं अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण त्या क्षणी पडद्यावरचा आकडा धातूत उमटलेला दिसतो.

आता फेऱ्या तेवढ्याच ठेवून फीड फार वाढवली तर काय होईल? दर फेरीला जास्त धातू हलवायचा आणि तो पुरेसा मऊ झालेला नाही. मागची पोकळी भरत नाही. जोडाच्या आत लांबच लांब पोकळ नळी राहते. तिला टनेल म्हणतात. ती बहुतेक वेळा एकाच बाजूला सापडते. टूलच्या फिरण्याची दिशा आणि पुढे जाण्याची दिशा ज्या बाजूला एक असते, त्या बाजूला, म्हणजे ॲडव्हान्सिंग बाजूला. धातू दुसऱ्या बाजूने वळसा घालून येतो आणि पोकळी बुजवण्याचं शेवटचं काम या बाजूला उरतं. भोक तिथेच का, याचं उत्तर हे आहे. वरून पाहिलं तर जोड गुळगुळीत, सुंदर दिसू शकतो. आत भुयार असतं.

उलट केलं तर? फेऱ्या खूप, फीड थोडी. धातू जास्त तापतो, शोल्डरखालून बाहेर पडतो आणि कडेला फ्लॅश साचतो. तो फ्लॅश म्हणजे जोडातून गेलेला धातू. तेवढा जोड पातळ झाला.

म्हणजे थंड जोडात पोकळी, अति गरम जोडात गळती, आणि मधे एक सुरक्षित पट्टा. इतकंच असतं तर मधला आकडा शोधून काम संपलं असतं. पण मी अजून मिश्रधातूबद्दल बोललोच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथे आहे.

कारखान्यांत रोज दिसणारा 6061 घ्या, टी-6 अवस्थेतला. त्याची ताण सोसण्याची ताकद सुमारे 310 मेगापास्कल. ही ताकद येते कुठून? त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन आहे, आणि उष्णतोपचाराने त्यांचे अतिसूक्ष्म कण धातूभर पसरवलेले असतात. ते कण धातूच्या आतलं सरकणं अडवतात. आता या प्लेटवर वेल्डिंग केलं. मधल्या घुसळलेल्या पट्ट्यात तापमान इतकं चढतं की ते कण पुन्हा विरघळतात. नंतर खोलीच्या तापमानाला हळूहळू थोडी ताकद परत येते. शिवाय घुसळण्याने तिथले स्फटिककण अवघ्या काही मायक्रॉनचे, फार बारीक होतात. मधला पट्टा तसा सावरतो. पण त्याच्या शेजारी, जिथे टूल पोचलंही नाही, फक्त उष्णता पोचली, तिथे काय होतं? कण विरघळत नाहीत, ते फुगतात, मोठे आणि विरळ होतात. त्यांनी अडवायचं काम सोडलेलं असतं. मूळ प्लेटचा कडकपणा विकर्स मापावर 100 ते 110 असेल तर या शेजारच्या पट्ट्यात तो 60-70पर्यंत उतरतो. जोड ओढून पाहिला की तो तिथे तुटतो. सांध्यात नाही, सांध्याच्या शेजारी.

हे नीट लक्षात घ्या. जोड निर्दोष असूनही ताकद मूळ प्लेटच्या सत्तर टक्क्यांच्या आसपासच भरते, आणि ऑपरेटर म्हणतो, माझं वेल्डिंग तर उत्तम झालं होतं. झालंच होतं. त्याने सांधा जपला, शेजार राहिला.

मग शेजार कशाने जपायचा? फेऱ्या कमी करून? थोडंसं. पण आत्ताच पाहिलं की तापमान फेऱ्यांनी फारसं हलत नाही. जे हलतं ते म्हणजे धातू त्या तापमानात किती वेळ राहिला. आणि तो वेळ ठरवते फीड. फीड दुप्पट केली तर कमाल तापमान जेमतेम तीन-चार टक्क्यांनी उतरेल, पण गरम राहण्याचा वेळ जवळपास अर्धा होईल. कण फुगायला वेळ मिळणार नाही. म्हणून 6061साठी शहाणपणाचा मार्ग म्हणजे टनेल होऊ न देता जितकी जास्त फीड घेता येईल तितकी घेणं.

आता हाच नियम 5083ला लावून पाहा. जहाजांच्या बांधणीत हा मिश्रधातू असतो. त्याची ताकद उष्णतोपचाराच्या कणांवर अवलंबून नाही. ती मॅग्नेशियम विरघळल्यामुळे आणि धातू लाटून कमावल्यामुळे येते. मऊ, म्हणजे ओ अवस्थेतली 5083ची प्लेट जोडली तर कडकपणाची रेघ जवळपास सरळ राहते, खड्डा पडतच नाही. तिथे शेजाराची चिंता नाही. तिथे चिंता आहे पोकळीची, कारण हा धातू गरम असतानाही ताठर वाहतो आणि घाई केली की भरत नाही. म्हणजे एकाला घाई हवी, दुसऱ्याला सबुरी. दोन्ही ॲल्युमिनियम, दिसायला एकसारखे. एकाचा आकडा दुसऱ्याला कसा चालेल?

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर फेऱ्या आणि फीड मिळून धातूचं वाहणं ठरवतात, फीड मुख्यतः गरम राहण्याचा वेळ ठरवते, आणि त्या वेळाचं बरं-वाईट मिश्रधातू ठरवतो. या तीन गोष्टी हाताशी ठेवून पुढे जाऊ, कारण आता ज्या आकड्यांना लोक किरकोळ समजतात ते येतात.

शोल्डरचा व्यास हा त्यातला पहिला. दाब आणि फेऱ्या त्याच ठेवल्या तर शोल्डरखाली निर्माण होणारी उष्णता त्रिज्येच्या घनाबरोबर वाढते. 18 मिलिमीटरच्या जागी 24चा शोल्डर लावला की उष्णता दुपटीहून जास्त. फेऱ्यांवर तासन् तास चर्चा होते आणि टूलचं ड्रॉइंग कपाटात पडलेलं असतं! दुसरं म्हणजे पिनची लांबी. ती प्लेटच्या जाडीपेक्षा जराशी कमी ठेवतात, एका मिलिमीटरच्या दशांशांत. जास्त कमी राहिली तर तळाशी दोन प्लेटांच्या कडा एकमेकींना नुसत्या चिकटून राहतात, जुळत नाहीत. याला किसिंग बाँड म्हणतात, आणि या सगळ्या दोषांत मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. एक्स-रेला पोकळी दिसते. इथे पोकळीच नाही. डोळ्यांना दिसत नाही, एक्स-रेला दिसत नाही, अल्ट्रासाउंडलाही हुलकावणी देऊ शकतो. पट्टी कापून तळाची बाजू ताणली जाईल अशी वाकवली की उघडा पडतो. वाकवून पाहणं ही जुनी, स्वस्त चाचणी आहे. ती वगळू नका.

टूलचा कल एक ते तीन अंश मागे ठेवतात, म्हणजे शोल्डरची टाच धातू दाबत येते. पिनवर आटे असतील तर त्यांची दिशाही पाहावी लागते: वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या टूलला डावे आटे हवेत, तरच धातू खाली ढकलला जातो. आटे उलटे असले तर तोच धातू वर येतो, आणि बाकी सगळे आकडे बरोबर असून जोड बिघडतो.

आणि बॅकिंग प्लेट, क्लॅम्प, खुद्द यंत्र? आपल्याकडच्या कित्येक कॉलेजांत आणि लहान कारखान्यांत हे काम उभ्या मिलिंग मशीनवर होतं. त्यात कमीपणा काही नाही. शिकण्यासाठी ती चांगलीच सोय आहे. पण मिलिंग मशीन टूलची उंची धरून ठेवतं, दाब नाही. प्लेट मधे दोन दशांश मिलिमीटर जाड-पातळ असली, की दाब बदलतो, उष्णता बदलते, आणि पडद्यावर मात्र काहीच बदललेलं दिसत नाही. खास या कामासाठी बनवलेली यंत्रं दाब मोजत, दाब राखत चालतात. तेव्हा दोघांनी 1000 फेऱ्या आणि 200 फीड लिहिली, तरी दोघांनी एकच काम केलेलं नसतं.

हे मी लहान वर्कशॉपपुरतं बोलत नाही. जगातली सगळ्यात मोठी उदाहरणं हेच सांगतात. न्यू ऑर्लिन्सला नासाचा मिशू कारखाना आहे. तिथे चंद्राकडे जाणाऱ्या एसएलएस रॉकेटच्या 8.4 मीटर व्यासाच्या टाक्या 2219 या मिश्रधातूच्या बनतात; त्यात सहा टक्क्यांच्या आसपास तांबं असतं. या टाक्यांसाठी सुमारे 170 फूट उंचीचं वेल्डिंगचं यंत्र उभारलं. उभारल्यावर लक्षात आलं की ते अगदी किंचित कललेलं आहे. इतक्या उंचीवर तो किंचितपणाही चालण्यासारखा नव्हता. ते पुन्हा सरळ करण्यात महिने गेले. पुढे टूलच्या पिनमध्ये बदल केला, तर काही जोडांची ताकद अपेक्षेहून कमी भरली आणि आधीच्या रचनेकडे परतावं लागलं. या लोकांकडे पैसा होता, अनुभव होता, स्पेस शटलच्या टाक्या त्यांनी याच पद्धतीने जोडल्या होत्या. तरीही पिन बदलली तशी जुन्या आकड्यांची खात्री संपली. ते रॉकेट नोव्हेंबर 2022मध्ये उडालं, कारण त्यांनी आकड्यावर विश्वास ठेवला नाही. तुकडे कापले, ओढले, मोजले आणि जे कमी पडलं ते बाजूला ठेवलं.

आता आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांबद्दल थोडं कळकळीने बोलतो. फेऱ्यांच्या तीन पातळ्या, फीडच्या तीन, कलाच्या तीन, नऊ प्रयोगांचं कोष्टक आणि शेवटी एक वाक्य: फेऱ्यांचा वाटा इतके टक्के, फीडचा इतके. पद्धत चुकीची नाही. पण तो टक्का निसर्गाचा नियम नव्हे. तुम्ही निवडलेल्या पातळ्यांचा तो परिणाम आहे. फेऱ्यांचा पल्ला रुंद आणि फीडचा अरुंद घेतला की फेऱ्यांचा वाटा आपोआप मोठा दिसतो. नऊ जोड ओढल्यावर ते कुठे तुटले, सांध्यात की शेजारी, हे लिहिलेलं नसेल तर ताकदीच्या आकड्याचा काय उपयोग? पोकळीमुळे तुटलेला जोड आणि मऊ पडलेल्या शेजारामुळे तुटलेला जोड एकच आकडा दाखवू शकतात. त्यांचे इलाज मात्र एकमेकांच्या विरुद्ध आहेत: पहिल्यात फीड कमी करायची, दुसऱ्यात वाढवायची.

ॲल्युमिनियमच्या या वेल्डिंगसाठी आयएसओ 25239 हे मानक 2011मध्ये आलं. ते तुम्हाला एकच एक फेऱ्यांचा आकडा देत नाही. ते सांगतं की तुमच्या यंत्रावर, तुमच्या टूलने, तुमच्या मिश्रधातूवर चाचणीचा जोड करा, तपासा, आणि तो पास झाला की सगळं कागदावर बांधून घ्या. त्या कागदावर टूलचं माप, पिनची लांबी, फिरण्याची दिशा, कल, दाब, बॅकिंग प्लेटचं साहित्य, मिश्रधातू आणि त्याची अवस्था हे सगळं आलं पाहिजे.

त्या यादीत मी माझ्याकडून एक भर घालतो: तारखा. 7075 जोडला की मधल्या पट्ट्यातला धातू वेल्डिंगनंतर खोलीच्या तापमानाला महिनोन् महिने कडक होत राहतो. पहिल्या आठवड्यात घेतलेली कडकपणाची रेघ आणि चार महिन्यांनी त्याच तुकड्यावर घेतलेली रेघ वेगळी येते, आणि दोन्ही खऱ्या असतात. म्हणून अहवालावर जोड कोणत्या तारखेला झाला आणि चाचणी कोणत्या तारखेला झाली, दोन्ही लिहा, आणि तुलना करायची तर दोन्ही जोडांना सारखा वेळ दिल्यावरच करा. माझ्या सोबत कापून उजळवलेले काही नमुने आहेत, 6061चे आणि 5083चे, भिंगही आहे. प्रश्नोत्तरांच्या वेळी पुढच्या टेबलावर ते पाहता येतील.